स्वरांची रास

आंबेगांव तालुक्यांतील पारगांव घ्या, किंवा जुन्नर तालुक्यांतील पारगांव घ्या. एकादशीच्या रात्रीं देवळांत भजन बसलें म्हणजे तेथें टाळ असतात, पखवाज असतो, विणेकरी उभा असतो आणि पेटीही असते. पेटीवाल्याला पांच बोटें आहेत. मनांत आणील तर तो एका वेळीं तीन-चार पट्ट्या सहज दाबील. पण तो तसें करीत नाहीं. बुवांच्या गळ्यांतून जो स्वर निघेल त्याच्या मागोमाग एकेका बोटानें तो जातो. फार तर षड्जाची पट्टी धरून ठेवतो. हें वाद्य पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँ यानें १८४२ मध्यें आपल्या नांवावर नोंदविलें, तेव्हां त्याचा भाता पायांनीं चालत असे आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असत. उजव्या हातानें चाल वाजवावी आणि डाव्यानें तिच्याखालीं अनेक स्वरांची रास रचावी, अशी ती योजना होती. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं १८७५ च्या सुमारास हातपेटी बनविली, आणि रास रचणारा तो डावा हात भाता हलविण्याच्या कामीं लागला. ह्या एका फेरफारांत दोन संगीतांमधील सारा भेद सांठविला आहे.

अशा राशीला पाश्चात्य संगीतांत ‘कॉर्ड’ म्हणतात. षड्ज, शुद्ध गांधार आणि पंचम एकदम वाजविले कीं प्रसन्न कॉर्ड झाला. गांधार कोमल केला कीं तोच खिन्न झाला. इतकें पियानोच्या पहिल्या महिन्यांतच शिकवितात. खरी विद्या पुढेंच आहे. तेच तीन स्वर कोणत्या सप्तकांत ठेवावयाचे, कोणता वगळावयाचा, आणि निषाद, धैवत किंवा वरच्या सप्तकांतील ऋषभ मिसळून त्यांस रंग कसा आणावयाचा, ह्यांत वादकाचीं वर्षें जातात. खर्जांत सा-ग-प चिकटून वाजविले तर गढूळ घुमघुमाट मात्र होतो. म्हणून डाव्या हाताचे स्वर दूर दूर ठेवावे आणि वर जातां जातां अंतर कमी करावें, असा दंडक आहे. चौथा-पांचवा स्वर मिळवावयाचा असेल तर प्रथम पंचमाला रजा द्यावी. कारण षड्जाच्या नादांत तो अंगचाच असतो.

हा दंडक परका वाटतो, पण त्याचा पुरावा आपल्याच घरांत आहे. तानपुऱ्याची खर्जाची तार चांगली जुळली कीं तिच्या नादांतून प्रथम मध्य सप्तकाचा सा, मग प, मग तार सप्तकाचा सा, आणि त्याच्याही वर गांधार उमटतो. हाच तो गवयांचा स्वयंभू गांधार. खालीं विरळ, वर दाट, ही पियानोवरील मांडणी म्हणजे त्या एका तारेचीच नक्कल होय. तेव्हां कॉर्ड आपल्याकडे मुळींच नव्हता असें म्हणणें तितकेंसें खरें नाहीं. तो होता, पण स्थिर होता. गाणें त्याच्यावर उभें राही, तो गाण्याबरोबर चालत नसे.

अडचण येते ती तो चालूं लागला म्हणजे. भूप रागाचे पांच स्वर घ्या: सा, रे, ग, प, ध. हे पांचही एकदम वाजविले तर पाश्चात्य वादकाच्या परिचयाचा एक अतिशय रंगेल कॉर्ड तयार होतो. त्यांची चळत ग, ध, रे, प, सा अशी लावली, तर प्रत्येक स्वर खालच्या स्वराचा मध्यम होतो; षड्ज-मध्यम भावाची जणूं शिडीच. येथवर भांडण नाहीं. आतां मालकंस घ्या. त्यांत ऋषभ आणि पंचम वर्ज्य. तेव्हां सा-ग-प हा पहिलाच कॉर्ड बाद. रागांतील स्वरांनींच रास करावयाची तर कोमल धैवत, षड्ज, कोमल गांधार ही रास होते. ती ऐकावयास गोड आहे. पण कान त्या धैवतालाच षड्ज समजूं लागतो, आणि मालकंसाचा खरा षड्ज आपल्या आसनावरून क्षणभर उठतो. रागाचा एकही नियम मोडलेला नसतो आणि राग मात्र हलतो. ज्यांनीं हिंदी आणि मराठी चालींखालीं कॉर्ड घातले त्यांना रोज ह्याच गोष्टीशीं झुंजावें लागलें.

ही माणसें बहुतेक गोव्याचीं होतीं. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतल्यानंतर चर्चच्या आश्रयानें ज्या शाळा निघाल्या त्यांत प्रार्थनागीतांसाठीं मुलांना स्वरलिपि शिकवीत. आधीं स्वर वाचून म्हणावयाचे आणि मग व्हायोलिन हातीं घ्यावयाचें, असा तेथला क्रम. घरीं ऐकावयास कोंकणी मांडो. तो दोन आवाजांत गातात. दुसरा आवाज पहिल्याच्या तीन किंवा सहा स्वरांच्या अंतरावरून समांतर जातो, आणि साथीला घुमट असतो. स्वरसंघाचा संस्कार असा आईच्या मांडीवरच होई. नव्हतें तें पोट भरण्याचें साधन. म्हणून हीं मुलें मुंबईस येत, धोबी तलावाच्या आसपास गांवाच्या नांवानें चालणाऱ्या कुडांत राहत, आणि मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांतील बँडांत, पलटणींत वाजवीत. हॉटेलांतच अमेरिकन जॅझ त्यांच्या कानीं पडला आणि निषाद-ऋषभ मिसळलेले ते रंगेल कॉर्ड त्यांच्या बोटांत उतरले. मुंबई इलाख्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांचे जलसे मंदावले, आणि वादकांचा ओघ सिनेमाच्या स्टुडिओकडे अधिकच वळला.

तेथें त्यांची गांठ मराठी मुलखांतल्या एका संगीतकाराशीं पडली. पुणतांब्यास १९१८ मध्यें जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, मूळचे पेटीवाले. हळदोण्याचे कर्णेवादक आंतोनियु शाव्हियेर वाझ, ज्यांस मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणे, ते त्यांचे सहायक. ‘अलबेला’ ह्या १९५१ च्या चित्रपटांत चिक आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. चितळकरांच्या चाली देशी वळणाच्या आणि खालची रास न्यू ऑर्लिन्सची. आणि तरी सांधा दिसत नाहीं. रेईश मागूशचे सेबॅस्टियन डिसोझा हे फाळणीपूर्वीं लाहोरास होते. ते मुंबईस येऊन पुढें शंकर-जयकिशन यांचे संयोजक झाले. चालीच्या पायाखालीं जाड कॉर्ड न घालतां चेलो आणि व्हायोलिन यांना चालीशेजारून जाणारी स्वतंत्र सुरावट देणें, हा त्यांचा मार्ग. मालकंसाच्या अडचणीवरचा हाच त्यांतल्या त्यांत सभ्य उपाय होय. षड्जाला कोणी उठवीत नाहीं, आणि एकटेपणही उरत नाहीं.

नभोवाणीची कथा ह्याच काळांत उलट दिशेनें चालली होती. ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून पेटीच बंद केली, आणि ती बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. आरोप खोटा नव्हता. पियानोप्रमाणेंच पेटीचेंही सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलें. त्यामुळें तिचा गांधार तानपुऱ्याच्या स्वयंभू गांधाराहून अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याएवढा चढा बोलतो, आणि मींड तर तिला मुळींच साधत नाहीं. ह्यावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनीं बावीस श्रुतींची पेटी करविली होती, पण १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेंत तिच्यावरून वादच झाला. तथापि पेटी हद्दपार करून कॉर्ड थोडाच थांबला! माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकीर्दींत १९५२ पासून चित्रपटगीतांसही केंद्रांवर थारा मिळेना, तेव्हां श्रोत्यांनीं सिलोनची सुई धरली. शेवटीं ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरूं करावी लागली. कॉर्ड त्या वाटेनें घरोघर गेला. नारायणगांवच्या तमाशाच्या फडांतही सिनेमाचीं गाणीं आलीं आणि त्यांच्यामागून विजेचा कीबोर्ड आला. त्यावर भाता नाहीं. डावा हात पुन्हा मोकळा झाला आहे.

ह्या साऱ्या उलाढालींत एक हिशेब मात्र चुकता झाला नाहीं. संगीतकार चाल गाऊन दाखवी; ती कागदावर उतरवून तींत रास भरणें, प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढणें, हें काम संयोजकाचें. पडद्यावर नांव झळके तें संगीतकाराचें. संयोजकाचें आलेंच तर ‘सहायक’ म्हणून, आणि पुष्कळदां येतच नसे. १९२७ मध्यें जन्मलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्यें मुंबईस आले, नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवूं लागले, आणि राग व पाश्चात्य वाद्यवृंद यांचा मेळ चित्रपटाबाहेर, स्वतःच्या नांवानें, घालावा ह्या ध्यासानें त्यांनीं ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. १९५८ मध्यें सेंट झेवियर कॉलेजच्या प्रांगणांत त्यांच्या रचना वाजल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायिले. त्या प्रयोगाला आश्रयदाता मिळाला नाहीं. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेंतील सिरॅक्यूज विद्यापीठांत गेले, आणि परत आल्यावर माजोर्ड्यास निवांत राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ ह्या चित्रपटांत गुरूंचें नांव एका गाण्यांत गुंफलें. तें गाणें देशभर गाजलें. ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांना तें नांव एका विनोदी पात्रापुरतें रचलेलें वाटलें. ज्यांचें तें होतें ते गृहस्थ २०१२ च्या जानेवारीपर्यंत हयात होते.