आयांची गाणी, आपली अक्षरं

धम्मबांधवांनो, १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीमाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणारी माणसं रात्री पाटी घेऊन बसली.

वामनदादा कर्डक १९२२ चे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत गिरणीत राबले. कुणी पत्र वाचायला दिलं, वाचता येईना. लाज वाटली. मग देहलवी मास्तरांकडून बाराखडी घेतली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. १९४३ पासून गाणी लिहिली, २००४ ला जाईपर्यंत बाबासाहेब गावोगाव पोचवले.

मीही गिरणीतली पाळी करूनच वाचायला शिकलो. मानवतच्या आपल्या म्हाताऱ्या आयांना ती गाणी तोंडपाठ, पण सहीच्या वेळी अंगठाच पुढं येतो. त्या गेल्या की चालीही जातील. म्हणून विहारात रोज तासभर बसू. त्यांनी आपल्याला गाणी द्यावीत, आपण त्यांना अक्षरं. जय भीम!