गाडी फार शहाणी झाली तर?

१९९४ च्या हंगामाआधी फॉर्म्युला वनच्या नियामक संस्थेने एक विलक्षण निर्णय घेतला. जगातल्या सर्वांत प्रगत शर्यतीच्या गाड्यांमधून त्यांची सर्वांत प्रगत यंत्रणाच काढून टाकायची! मित्रहो, सुपरकार निर्दोष वळू लागली की ती चालवण्यातली मजा जाते का, हा वाद तुम्ही कधी ना कधी घातला असेलच. त्या वादाचा इतिहास तीस वर्षांहून जुना आहे आणि त्यात दोन मृत्यूही आहेत. आजचा धागा त्यावर.

आधी १९९२. विल्यम्स संघाच्या एफडब्ल्यू १४बी या गाडीत ‘सक्रिय सस्पेन्शन’ होते. साध्या गाडीत खड्डा आला की स्प्रिंग दबते, वळणावर गाडी एका अंगाला कलते. इथे संगणक प्रत्येक चाकाजवळच्या हायड्रॉलिक यंत्रणेला क्षणोक्षणी आज्ञा देई आणि गाडी जमिनीपासून ठरलेल्या उंचीवरच राही. उंची स्थिर, म्हणून हवेचा दाबही स्थिर. नायजेल मॅन्सेलने त्या वर्षी हंगामातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या, एकूण नऊ, आणि जगज्जेतेपद मिळवले. पुढच्या वर्षीच्या गाडीत चाक घसरू न देणारी यंत्रणा आणि एबीएस ब्रेकही होते. अॅलन प्रोस्ट जगज्जेता झाला. तेव्हा लोक विचारू लागले, जिंकते कोण, माणूस की संगणक?

म्हणून १९९४ साठी सक्रिय सस्पेन्शन, घसरण-नियंत्रण, एबीएस, सगळ्यांवर बंदी आली. त्याच वर्षी आयर्टन सेना विल्यम्समध्ये दाखल झाला. त्याच्या वाट्याला आलेली एफडब्ल्यू १६ ही संगणकाचा आधार काढून घेतलेल्या घराण्यातली गाडी होती. अस्थिर, चालवायला अवघड. सेनाने तशी तक्रारही केली होती. पहिल्या तिन्ही शर्यतींत तो सर्वांत पुढच्या स्थानावरून सुटला, पण एकही गुण मिळाला नाही. ३० एप्रिलला इमोला येथे पात्रता फेरीत रोलंड रात्झेनबर्गर गेला. १ मे रोजी शर्यतीत सेना. सेनाच्या अपघाताचे कारण इटलीच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे चर्चिले गेले. त्यामुळे ‘बंदीने त्याला मारले’ असे म्हणणे सोपे असले तरी प्रामाणिक ठरणार नाही. मात्र ‘अवघड गाडी म्हणजे खरी गाडी’ असे कुणी ऐटीत म्हणाले की मला तो शनिवार-रविवार आठवतो.

सेनाचीच दुसरी कथा या वादाला वेगळे वळण देते. १९८९ मध्ये होंडाने आपल्या नव्या एनएसएक्सचा नमुना त्याला सुझुका येथे चालवायला दिला. गाडी जरा नाजूक वाटते, असे त्याने सांगितले; पुढे अभियंत्यांनी तिचा सांगाडा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक ताठ केला. अॅल्युमिनियमची काया, मध्यभागी सहा सिलिंडरचे इंजिन, आणि रोज कामावर नेता येईल इतका सोपा स्वभाव. १९९० मध्ये ती बाजारात आली आणि अनेक समीक्षकांनी नाक मुरडले: फारच सोपी, नाट्यच नाही! त्यांच्या मते सुपरकारने जड क्लच, तापलेले इंजिन आणि थोडी भीती द्यायलाच हवी. १९७५ च्या पोर्शे ९३० टर्बोला तर चालकांच्या बायकांना विधवा करणारी गाडी म्हणत, आणि ते कौतुकानेही म्हणत.

पण गॉर्डन मरे या अभियंत्याने एनएसएक्स चालवली आणि तुलनेसाठी डोळ्यांपुढे ठेवलेल्या फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी त्याने मनातून पुसून टाकल्या. पुढे त्याने रचलेली मॅक्लारेन एफ १ पाहा. एनएसएक्सची सहजता त्याला हवी होती, पण गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, घसरण-नियंत्रण नाही. चालक मधोमध बसतो. १९९८ मध्ये तिने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला. वादाचे उत्तर मला इथे दिसते. चांगली वळणारी गाडी आनंद हिरावत नाही. चूक झाली की ती दुरुस्त कोण करतो, हा खरा प्रश्न आहे. मरेच्या गाडीत ते काम चालकाकडेच राहिले. २००५ च्या बुगाटी वेरॉनमध्ये ते बरेचसे यंत्राकडे गेले: चार टर्बो, हजाराहून अधिक अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, ताशी ४०७ किलोमीटर, आणि तरी गाडी शांत.

आता जरा आपल्या वऱ्हाडात या. अमरावतीहून वलगावमार्गे परतवाड्याला जाणारा रस्ता पुढे चिखलदऱ्याच्या घाटात शिरतो. तिथे जुनी मारुती ८०० सुद्धा ताशी चाळीसच्या वेगाने चालकाला दोन्ही हात, दोन्ही पाय आणि पूर्ण लक्ष मागते. उलट आपल्याच जिल्ह्याच्या धामणगाव, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना वेगमर्यादा १२०, म्हणजे वेरॉनच्या क्षमतेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. या वेगात वेरॉनमध्ये चालकाला करायला उरतेच काय?

साध्या गाडीलाही या सरळ, गुळगुळीत रस्त्यावर फारसे काही करावे लागत नाही. महामार्ग सुरू झाल्यावर अपघातांच्या चर्चेत ‘रस्ता संमोहन’ हा शब्द रूढ झाला, तो यामुळेच: डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि मन दुसरीकडे. या महामार्गाने नागपूर-मुंबईचा वेळ वाचवला, हे खरे. आणि एबीएसने किती जीव वाचवले असतील, त्यावर मी वाद घालणार नाही. फॉर्म्युला वनमध्येही घसरण-नियंत्रण २००१ मध्ये परत आले आणि २००८ मध्ये पुन्हा हद्दपार झाले. मरे मात्र हटला नाही. २०२० मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्याने टी.५० जगापुढे आणली: बारा सिलिंडर, एक टनाहून कमी वजन, मधली बैठक, आणि हाताने बदलायचे सहा गिअर.