हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की मी अब्बांना बँकेत घेऊन जाते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना या महिन्यात आपण हयात असल्याची सही करावी लागते. यादीत नाव शोधायचं, नावापुढे सही करायची आणि घरी यायचं. गेल्या नोव्हेंबरात रांगेत बसल्या बसल्या अब्बा म्हणाले, "सरकार साल में एक बार पूछती, जिंदा हैं क्या करके. गुरुजी रोज शाम को पूछते."

गुरुजी म्हणजे शेजारच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. अब्बा उर्दू शाळेत, ते मराठी शाळेत. दोघांची ओळख निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामांत झालेली. अम्मी गेल्यानंतर अब्बा वर्षभर ओट्यावर बसून असायचे. भाऊ पुण्यात नोकरीला, मी दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी डबा दिला, संध्याकाळी डोकावलं, की आपलं कर्तव्य झालं असं मला वाटायचं. गुरुजी मात्र दर आठवड्याला यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, संघात चला." अब्बा हसून टाळायचे.

त्यांचं टाळणं मला कळत होतं. आपल्या घरांमध्ये म्हातारं माणूस संध्याकाळी बाहेर जाऊन बसायला लागलं, की लोक विचारतात, घरात कोणी बोलत नाही का? आईबापाला 'उफ्' सुद्धा म्हणू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मराठी घरांत तीच शिकवण श्रावणबाळाच्या नावाने दिली जाते. त्यामुळे म्हातारपणासाठी एखादी संघटना असावी लागते, ही गोष्टच आपल्याला मुलांच्या नालायकीची कबुली वाटते. मलाही तसंच वाटायचं. नंतर या संघांचा इतिहास वाचला आणि माझं मत बदललं. तोच इतिहास इथे थोडक्यात मांडते.

सुरुवात माझ्याच पेशातल्या एका बाईपासून करते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात एथेल पर्सी अँड्रस नावाच्या मुख्याध्यापिका होत्या. आईच्या आजारपणामुळे १९४४ मध्ये त्यांनी निवृत्ती घेतली आणि निवृत्त शिक्षकांची विचारपूस करण्याचं काम अंगावर घेतलं. त्या कामात त्यांना एक जुनी शिक्षिका कोंबड्यांच्या खुराड्यात राहताना सापडली. आयुष्यभर मुलं शिकवली, पण हातात येणाऱ्या पेन्शनमध्ये भाडं भागत नव्हतं. १९४७ मध्ये अँड्रस यांनी निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. त्या काळी तिथे म्हाताऱ्यांना आरोग्य विमा देत नसत. एकामागून एक विमा कंपन्यांनी नकार दिला, आणि १९५६ मध्ये कुठे एक योजना उभी राहिली. इतर निवृत्तही आम्हाला घ्या म्हणू लागले, तेव्हा १९५८ मध्ये सर्वांसाठी दुसरी संघटना निघाली. तीच आजची 'एएआरपी'. पन्नाशीनंतर कोणीही सदस्य होऊ शकतं आणि सदस्य साडेतीन कोटींहून अधिक आहेत. विमा कंपन्यांशी असलेल्या आर्थिक संबंधांवरून तिच्यावर टीकाही होते. पण तिची पहिली भूमिका मला महत्त्वाची वाटते. म्हाताऱ्या माणसाने सेवा घेत बसायचं नाही, आपणही सेवा द्यायची.

आपल्याकडे या चळवळीला बळ मिळालं ते पेन्शनच्या लढाईतून. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शन सूत्राचा लाभ नाही, असं केंद्र सरकारने ठरवलं होतं. त्याविरुद्ध डी. एस. नकारा आणि इतर सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत 'कॉमन कॉज' ही नोंदणीकृत संस्थाही होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, असा त्याचा सारांश. १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. एकट्या म्हाताऱ्याने अर्ज केला तर तो विनवणी ठरतो. तोच अर्ज संघटनेने केला की त्याला मागणी म्हणतात.

महाराष्ट्रात त्याआधीच गावोगावी ज्येष्ठांचे कट्टे आणि मंडळं होती. त्यांना एकत्र बांधणारा महाराष्ट्र ज्येष्ठ नागरिक महासंघ, म्हणजे 'फेस्कॉम', १९८० मध्ये स्थापन झाला. 'मनोयुवा' हे त्याचं मासिक. महासंघाखाली प्रादेशिक विभाग आणि त्यांच्याखाली गावातले, पेठेतले संघ, अशी रचना आहे. गावातला संघ चालतो कसा? साठी ओलांडलेले लोक किरकोळ वर्गणी भरतात, संस्था नोंदवतात, महिन्याची सभा घेतात. महिन्यात ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना गुलाबाचं फूल देतात. डोळ्यांचं, रक्तदाबाचं शिबिर भरवतात. सभेला कोणी दोनदा दिसलं नाही की दोघं जण त्याच्या घरी जातात. यातलं शेवटचं काम कोणत्याही अहवालात ठळकपणे लिहिलेलं नसतं, पण संघाचं खरं काम मला तेच वाटतं.

या दबावाचं फळ हळूहळू मिळत गेलं. संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये ठराव करून १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला. भारताचं पहिलं राष्ट्रीय ज्येष्ठ धोरण १९९९ मध्ये आलं. महाराष्ट्राने २०१८ च्या धोरणात ज्येष्ठ नागरिकाचं वय ६५ वरून ६० वर आणलं. एसटीत ६५ पूर्ण केलेल्यांना अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांचा प्रवास मोफत झाला. मिळालेलं जातंही. रेल्वेत साठीच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ पुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ती बंद झाली आणि परत आलेली नाही. आम्हा बीडकरांचं नशीब बघा. रेल्वेची वाट बघण्यात पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरची गाडी सुटली, तोवर म्हाताऱ्यांची सवलत गेलेली होती.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. मुलं सांभाळत नसतील तर आईबाप उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो आणि अर्ज साधारण नव्वद दिवसांत निकाली काढायचा असतो. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन मुलाच्या नावे केली आणि मुलाने अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. म्हणून माझी प्रत्येक वडीलधाऱ्याला विनंती आहे, बक्षीसपत्र करताना सांभाळाची अट कागदावर लिहून घ्या. तोंडी वचनावर विसंबू नका, मुलगा कितीही चांगला असला तरी.

याच कायद्याच्या पाचव्या कलमात एक तरतूद आहे, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. म्हातारा माणूस स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. म्हणजे गुलाबाची फुलं वाटणाऱ्या संघाला कायद्याने उभं राहायला जागा दिलेली आहे.

आता अब्बांकडे येते. ते संघात गेले त्यामागे ना सवलत होती, ना कायदा. एके दिवशी गुरुजी एका शेतकरी सदस्याला घेऊन आले. त्यांच्या पिशवीत आजोबांच्या वेळचा जमिनीचा दस्त होता, निजामकाळातला, उर्दूत लिहिलेला. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होतं आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्या पिढीतली कितीतरी हिंदू माणसंही उर्दू लिहीत-वाचत. आता त्यांच्या नातवांना आपल्याच घरचा कागद वाचता येत नाही. अब्बांनी चष्मा पुसला आणि दोन तास बसून ओळ न् ओळ वाचून दाखवली. शिकस्ता वळणातली अक्षरं त्यांनी वहीत पुन्हा सुवाच्य लिहून दिली. पुढच्या सभेला ते स्वतःहून गेले. त्यानंतर असे कागद येतच राहिले.

सभेच्या सुरुवातीला प्रार्थना व्हायची, तेव्हा अब्बा शांत उभे राहायचे. हिवाळ्यात मगरिबच्या वेळी त्यांना मधूनच उठावं लागायचं. गुरुजींनी कोणताही गाजावाजा न करता सभा साडेचारला घ्यायला सुरुवात केली. इतर सदस्यांनाही अंधार पडायच्या आत घरी पोहोचणं बरं वाटलं. गेल्या रमजानमध्ये अब्बांनी सगळ्या संघाला घरी बोलावलं. मधुमेह असलेल्यांनीही शीरखुर्म्याला नाही म्हटलं नाही.

हे सगळं छान आहे, पण एवढ्यावर थांबले तर लेख अर्धवट राहील. कारण या संघात कोण नाही, हेही बघायला हवं.

आमचा जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. वर्गात मला हे दिसतं. पालकसभेला आजी येते, सहीच्या जागी अंगठा देते आणि विचारते, "बाई, पोरगं शिकतंय ना?" ही आजी सत्तरीत पुन्हा आई झालेली आहे. तिला वाढदिवसाचं फूल कोण देणार? श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार मिळवायला तहसीलच्या किती चकरा, वयाचा पुरावा कुठून आणायचा, आधार कार्डावर वय चुकलं तर काय करायचं, हे तिला कोण सांगणार? ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे, पण तिच्या गावात तो कोणाला माहीत आहे? संघ पेन्शनरांनी पेन्शनरांसाठी काढले. ज्यांना पेन्शनच नाही, त्यांच्या वस्तीपर्यंत ते फारसे गेले नाहीत.

आमच्या मोहल्ल्यातूनही संघात अब्बांसारखे दोन-तीनच. आणि बायका? त्या जवळजवळ नाहीतच. माझ्या ओळखीच्या एका चाचीने घर मुलाच्या नावे केलं आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत तिचं ताट वेगळं झालं. मी कायद्याचं सांगितलं तर म्हणाली, "बेटा, अपने बच्चे के खिलाफ कागज पे अंगूठा लगाऊं क्या?" शेवटी अब्बा आणि गुरुजी दोघं मुलाकडे गेले, चहा प्यायले आणि तासभर बोलत बसले. चाचीचं ताट पुन्हा पुढच्या खोलीत आलं. कायमचं आलं की नाही, हे अजून सांगता येत नाही. पण आता कोणीतरी विचारायला येतं, हे मुलाला कळलं आहे.

यात माझाही स्वार्थ आहे, तो लपवत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या शिक्षकांना जुनी पेन्शन नाही, आणि मी त्यांच्यातलीच. मार्च २०२३ च्या संपात मीही रस्त्यावर बसले होते. नंतर योजनेत सुधारणा जाहीर झाल्या, पण जुन्या पेन्शनची मागणी अजून संपलेली नाही. अब्बांसारखी बँकेतली ती सही माझ्या वाट्याला कशी येईल, मला ठाऊक नाही. माझी मुलं बीडमध्ये राहतील याची खात्री नाही, आणि त्यांनी राहावंच असा आग्रहही मी धरणार नाही. मग साठीनंतर मला कोण विचारेल? याचं उत्तर साठीला शोधून चालत नाही, चाळिशीतच शोधावं लागतं.

म्हणून गेल्या काही महिन्यांपासून दर गुरुवारी, जोहर आणि असरच्या मधल्या वेळेत, माझ्या घरी मोहल्ल्यातल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका जमतात. एकमेकींचे गोळ्यांचे डबे तपासतात, अर्ज भरून घेतात, सुनांच्या तक्रारी करतात आणि हसतात. १८६० च्या कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला किमान सात सदस्य लागतात. अंगठा द्यायला सहा जणी तयार झाल्या आहेत.

सातवी म्हणून मी चाचीला विचारलं आहे. हा अंगठा मुलाच्या विरुद्ध नाही, हे तिला समजावून सांगते आहे. गुरुवारी सांगते म्हणाली.