‘दर्पणा’चे दोन स्तंभ

‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र, हे विधान आपल्या वाङ्मयेतिहासांत इतक्या वेळा येते की त्यापुढे विचार करण्याची आवश्यकताच कोणास भासत नाही. वस्तुतः ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालेले हे पत्र निव्वळ मराठी नव्हते. इंग्रजी व मराठी असे दोन स्तंभ त्यात शेजारी शेजारी छापले जात. प्रारंभीचे हे पाक्षिक त्याच वर्षीच्या मे महिन्यात साप्ताहिक झाले व १८४० पर्यंत चालले. संपादक बाळशास्त्री जांभेकर आरंभी जेमतेम विशीत होते.

या द्विभाषिक रचनेचा उलगडा बहुधा इंग्रजी विद्येच्या प्रसाराने केला जातो. तो हेतू होताच. पण तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. इंग्रजी स्तंभ राज्यकर्त्यांसही वाचता येत होता. मुंबई इलाख्यात १८२५ पासून वृत्तपत्रांवर परवान्याचे बंधन होते. ते मेटकाफच्या कारकीर्दीत, १८३५ साली, उठले. अशा काळी सगळा मजकूर सरकारच्या दृष्टीसमोर ठेवून पत्र चालविण्यात धैर्य आणि सावधगिरी दोन्ही होती. विधवांच्या पुनर्विवाहासारख्या घरच्या प्रश्नाची चर्चाही परक्यांच्या देखत करावी लागे.

१८४१ मध्ये भाऊ महाजन यांनी ‘प्रभाकर’ काढला तो मराठीत. येथे केवळ एक स्तंभ कमी झाला नाही, बोलण्याची रीतच पालटली. १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे याच साप्ताहिकात येऊ लागली. ब्राह्मणवर्गाच्या पोकळ विद्वत्तेवर त्यांनी केलेले प्रहार, घरातल्या माणसाने घरातल्यांस सुनवावे, तसे आहेत. (हा लेखक सरकारी नोकरीत होता, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.)

भाषेगणिक वाचक बदलतो, हे सरकारनेही ओळखले होते. १८७८ चा वृत्तपत्रविषयक कायदा देशी भाषांतील पत्रांपुरताच होता; ‘अमृतबझार पत्रिका’ तत्काळ संपूर्ण इंग्रजी झाली ती त्यातून सुटण्यासाठी.

आज मराठी वृत्तपत्रांतील पुष्कळसा मजकूर इंग्रजीतून भाषांतरित होऊन येतो. दुसरा स्तंभ छापला जात नाही, एवढेच. १८३२ च्या द्विभाषिक वाचकास दोन्ही पाठ ताडून पाहता येत. आजच्या वाचकास ती सोय नाही. म्हणूनच ‘दर्पणा’चा मराठी स्तंभ तेवढा वाचण्याची आपली सवय अभ्यासकांनी सोडली पाहिजे. कोणता शब्द मराठीत येताना सौम्य झाला, कोणता तीव्र झाला, कोणता गळाला, याचा अंकवार शोध एखाद्या प्रबंधाने अवश्य घ्यावा.