न जुळणाऱ्या खेळाडूचे मोल

युरोपातील फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू क्लब बदलतो तेव्हा त्याची किंमत सहसा रोख रकमेत मोजली जाते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, व्यवहार प्रामुख्याने अदलाबदलीचा असतो. खेळाडूच्या मोबदल्यात खेळाडू, किंवा ‘ड्राफ्ट’ या नवोदितांच्या वार्षिक निवडीतील हक्क दिले जातात. त्यामुळे खेळाडूचे मोल आकड्यात सांगता येत नाही. खेळाडू गुणी, पण संघात न जुळणारा असेल तर हे मूल्यमापन अधिकच अवघड होते. रसेल वेस्टब्रूकची कारकीर्द हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

चार अदलाबदली, चार किमती

२०१७ चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या वेस्टब्रूकला जुलै २०१९ मध्ये ओक्लाहोमा सिटीने ह्यूस्टनला दिले. मोबदल्यात ख्रिस पॉल, पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि आणखी दोन वर्षांच्या निवडी बदलून घेण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२० मध्ये वॉशिंग्टनने त्याच्यासाठी जॉन वॉल आणि पहिल्या फेरीचा एक हक्क दिला. वॉल दुखापतींमुळे डिसेंबर २०१८ पासून मैदानाबाहेर होता. २०२१ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सने कायल कुझ्मा, केन्टाव्हियस कॉल्डवेल-पोप, मॉन्ट्रेझ हॅरेल आणि २२ व्या क्रमांकाची निवड देऊन त्याला घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मात्र त्याला बाहेर पाठविताना लेकर्सनाच पहिल्या फेरीचा हक्क सोबत द्यावा लागला.

सरासरी फसवी का ठरते?

लेकर्सनी त्याला घेतले तेव्हा त्याची आदल्या मोसमाची सरासरी २२.२ गुण, ११.५ रिबाउंड आणि ११.७ असिस्ट अशी होती. हे आकडे खरेच होते; परंतु चेंडू सतत हाती असताना मिळविलेले होते. लेकर्समध्ये चेंडू लेब्रॉन जेम्सच्या हाती असणार, हे उघड होते. चेंडू हाती नसलेल्या खेळाडूने दूर उभे राहून तीन गुणांच्या फेकीचा धाक निर्माण करावा लागतो. वेस्टब्रूकच्या अशा फेका २०२१-२२ मध्ये ३० टक्क्यांहूनही कमी यशस्वी झाल्या. साहजिकच प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडून बास्केटभोवती गर्दी करीत आणि जेम्सची वाट अडवीत. उलट ह्यूस्टनने फेब्रुवारी २०२० मध्ये क्लिंट कपेला हा उंच सेंटर देऊन चौफेर फेक करणारे खेळाडू भोवती ठेवले, तेव्हा हाच वेस्टब्रूक बहरला होता. त्या मोसमात त्याची सरासरी २७.२ गुणांची होती. म्हणून खेळाडूची आकडेवारी पाहताना ती कोणाच्या सोबतीने जमली, हे आधी तपासावे लागते.

करार: ओझे आणि साधन

२०२२-२३ साठी वेस्टब्रूकचे वेतन सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर होते. वेतनमर्यादा ओलांडलेल्या संघाला साधारण जेवढे वेतन पाठवायचे तेवढ्याच वेतनाचे खेळाडू परत घेता येतात. त्यामुळे मोठा करार एकाच वेळी ओझे आणि साधन ठरतो. त्या एका वेतनाच्या बदल्यात अनेक खेळाडू आणता येतात. शिवाय कराराचे अखेरचे वर्ष असेल, तर घेणारा संघ लवकरच मोकळा होतो. तीन संघांच्या त्या व्यवहारात संघ नव्याने बांधणाऱ्या यूटाने वेस्टब्रूकला घेतले ते खेळविण्यासाठी नव्हे. लेकर्सचा २०२७ चा हक्क हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांनी तडजोडीने त्याचा करार संपविला आणि तो क्लिपर्सकडे गेला.

२०२३ च्या नव्या कामगार करारानंतर हे साधन बोथट झाले आहे. वेतनमर्यादेच्या फार पुढे गेलेल्या संघांना आता पाठविल्यापेक्षा अधिक वेतन परत घेता येत नाही.

घड्याळाची किंमत

अडचण जगजाहीर असली, की विकणाऱ्याची बाजू लंगडी पडते. २०२१-२२ मध्ये लेकर्स ३३ विजय व ४९ पराभवांसह प्लेऑफबाहेर राहिले, तेव्हाच ही जोडी फसल्याचे सर्वांना दिसले होते. थांबले तर करार सरत जाणार आणि ओझे हलके होणार; पण डिसेंबर २०२२ मध्ये ३८ वर्षांच्या झालेल्या जेम्सचा एकेक मोसमही खर्ची पडणार. लेकर्स दीड मोसम थांबले. अखेर डीअँजेलो रसेल, मलिक बीझली आणि जॅरेड व्हँडरबिल्ट आले आणि त्याच वर्षी संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तेथे डेन्व्हरने त्यांना ४-० असे हरविले. त्या विजेत्या डेन्व्हर संघात कॉल्डवेल-पोप होता! फसलेल्या खरेदीचा हिशेब निरोपाच्या दिवशी नव्हे, तर खरेदीच्या दिवसापासून मांडावा लागतो, तो यासाठी.

पुढे २०२४-२५ मध्ये त्याच डेन्व्हरकडून वेस्टब्रूक माफक वेतनावर खेळला. निकोला योकिचच्या साथीने बास्केटकडे धावत जाण्याचे काम त्याला मिळाले आणि तो १३.३ गुणांच्या सरासरीने उपयुक्त ठरला. तेव्हा खेळाडू घेताना तो किती चांगला हा प्रश्न पुरेसा नाही. आपल्याकडे त्याने नेमके कोणते काम करायचे, त्या कामाचे वेतन किती आणि फसल्यास त्याला कोण व कशाच्या मोबदल्यात घेईल, या तीन प्रश्नांची उत्तरे सहीपूर्वी देता आली पाहिजेत.