इंदरसभेचा लाल पडदा

जुने नाटक पुन्हा रंगभूमीवर आणावे ही इच्छा जितकी स्वाभाविक तितकीच फसवी असते. संहिता मिळते, हौशी मंडळी जमतात, वेष शिवले जातात. आणि पडदा वर गेल्यावर असे आढळून येते की, जे जिवंत करावयाचे होते ते संहितेत नव्हतेच. लखनौच्या 'इंदरसभा' या संगीत परीकथा-नाटकाच्या बाबतीत तर हा प्रश्न फारच जिकिरीचा आहे. या नाटकाची संहिता संपूर्ण हाती आहे, त्याच्या कीर्तीची साक्ष इतिहासात ठायी ठायी आहे, आणि तरीही व्यावसायिक रंगभूमीच्या नित्याच्या प्रयोगांतून ते केव्हाच नाहीसे झाले. ते पुन्हा उभे राहील काय, आणि राहावयाचे तर कशाच्या बळावर?

नाटकाचा कर्ता सय्यद आगा हसन 'अमानत' (१८१५-१८५८) हा मर्सिये आणि गझला लिहिणारा कवी. ऐन तारुण्यात आजारामुळे त्याची वाचा गेली. पुढे ती काही अंशी परत आली, पण बोलण्यातील अडखळ कायम राहिली. त्यामुळे त्याचे बहुतेक दिवस घरातच जात. मित्राच्या आग्रहावरून १८५२ च्या सुमारास त्याने ही 'सभा' रचली. ज्याला स्वतःला धड बोलता येत नव्हते, त्याच्या लेखणीतून आरंभापासून अखेरपर्यंत गायिले जाणारे नाटक उतरावे, हा दैवाचा मोठा विलक्षण खेळ म्हटला पाहिजे.

कथानक अगदी साधे आहे. राजा इंदराचा दरबार भरतो. पुखराज परी, नीलम परी, लाल परी आणि सब्ज परी अशा चार पऱ्या एकीमागून एक तेथे येतात. यांपैकी सब्ज परीचे मन गुलफाम नावाच्या मानवी राजपुत्रावर जडते. काळा देव त्याला निजलेल्या स्थितीत उचलून आणतो. येथे 'देव' हा शब्द फारशीतला असून त्याचा अर्थ राक्षस असा आहे, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. इंदराचा दरबार पाहण्याचा हट्ट गुलफाम धरतो. लाल देवाच्या दृष्टीस तो पडतो. क्रुद्ध झालेला इंदर त्याला काफ पर्वतावरील विहिरीत टाकवितो आणि परीचे पंख उपटून तिला हाकलून देतो. ती जोगीण होऊन गात हिंडते. तिच्या गाण्याची कीर्ती दरबारापर्यंत पोहोचते, इंदर तिला न ओळखता बोलावून घेतो, आणि तिला हवे ते देण्याचे वचन देऊन बसतो. ती गुलफामला मागून घेते. हिंदूंच्या पुराणांतील देवराज, इराणी कथांतील पऱ्या व राक्षस, आणि हिंदुस्थानी जोगीण या सर्वांना एका मुसलमान कवीने एकाच सभेत बसविले, आणि कोणालाही त्यात विसंगत असे काही वाटले नाही.

या नाटकाविषयी एक आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. ती अशी की, कोणा फ्रेंच गृहस्थाच्या सांगण्यावरून नवाब वाजिद अली शाहने हा 'ऑपेरा' लिहवून घेतला, कैसरबागेत त्याचे प्रयोग झाले, आणि इंदराची भूमिका खुद्द नवाबाने केली. उर्दूचे थोर संशोधक मसूद हसन रिझवी 'अदीब' यांनी या आख्यायिकेची कसून छाननी केली आणि ती निराधार ठरविली. नवाबाच्या वाड्यात रासाच्या धर्तीचे वेगळे खेळ होत असत हे खरे. परंतु 'इंदरसभा' ही शहराची, सामान्य रसिकांची निर्मिती होती.

ही केवळ पंडितांच्या वादाची बाब नव्हे. पुनरुज्जीवनाचा सारा प्रश्न तिच्यावर अवलंबून आहे. नाटक राजवाड्याचे असेल तर त्याला राजवाड्याचे वैभव लागेल. शहराचे असेल तर त्याची गरज निराळी. अमानतने आपल्या रचनेवर स्वतःच एक विवेचन लिहून ठेवले आहे. त्यावरून मूळ प्रयोगाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ना रंगविलेले देखावे, ना यंत्रे. परीच्या प्रवेशाच्या वेळी एक लाल पडदा धरला जाई, साथीदार तिच्या आगमनाचे पद गात, पडद्यामागून घुंगरांचा नाद येई, मग महताबीचा उजेड पडे आणि पडदा दूर होताच परी दिसे. सारी जादू ती एवढीच.

मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांनी १८७० नंतर हे नाटक उचलले आणि त्याचे रूप पालटले. रंगीत पडदे, उडत्या पऱ्या, झगमगते पोशाख यांनी प्रेक्षकांचे डोळे दिपले. मंडळ्यांच्या फिरतीबरोबर 'सभा' देशभर आणि देशाबाहेरही गेली. तिच्या अनुकरणार्थ इतक्या 'सभा' निघाल्या की, भारतेंदु हरिश्चंद्रांना 'बंदरसभा' लिहून त्या सर्वांची टर उडवावीशी वाटली. १८९२ मध्ये फ्रीड्रिख रोझेन याने लाइपझिगमध्ये तिचा जर्मन अवतार प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये कलकत्त्याच्या मादन कंपनीने तिच्यावर बोलपट काढला. त्यातील गीतांची संख्या सत्तरांच्या आसपास होती आणि हा उच्चांक चित्रपटसृष्टीत आजही कौतुकाने सांगितला जातो.

मराठी रंगभूमीवर तर या नाटकाचे ऋण आहे. पुण्यात एका पारशी मंडळीने केलेला 'इंद्रसभे'चा प्रयोग पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांना मराठीत तसे संगीत नाटक करण्याची स्फूर्ती झाली, असे नाट्येतिहासात सांगितले जाते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. पुढची कथा मराठी घरांना ठाऊकच आहे.

येथेच तुलनेचा मोह होतो, आणि ती उद्बोधकही आहे. १८८२ चे 'सौभद्र' अजून रंगते. मग तिच्याहून तीसच वर्षांनी वडील असलेली 'इंदरसभा' का रंगू नये? उत्तर असे की, 'सौभद्रा'ची पदे कधी थांबलीच नाहीत. भाऊराव कोल्हटकरांच्या कंठातून ती पुढच्या नटांकडे गेली, बालगंधर्वांनी ती घरोघर पोहोचविली, आणि गुरूकडून शिष्याकडे हा ओघ अखंड राहिला. जे थांबले नाही त्याचे पुनरुज्जीवन करावे लागत नाही. त्याला केवळ नवा नट लागतो.

'इंदरसभे'चा ओघ मात्र तुटला. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी नवाबाला पदच्युत केले, त्याच्या पुढच्याच वर्षी बंडाचा वणवा लखनौवरून गेला, आणि ज्या गायिकांच्या व नर्तकींच्या आश्रयावर हे संगीत पोसले होते त्यांचे आश्रयदाते नाहीसे झाले. पुढे सुधारणेच्या लाटेत त्या वर्गाची प्रतिष्ठाही गेली. पुस्तकात गझल, ठुमरी, होरी, वसंत असे मथळे छापलेले आहेत. पण ती पदे कोणत्या वळणाने म्हणावयाची हे कागदावर कोणी उतरले नाही. त्या काळी स्वरलेखनाची प्रथाच नव्हती. पारशी मंडळ्यांनी आपापल्या चाली लावल्या, बोलपटाने त्याच्या काळाच्या लावल्या. शब्द तेवढे राहिले.

दुसरी अडचण भाषेची. या नाटकात गझला उर्दूत आहेत, तर होरी-ठुमऱ्यांत व्रज व अवधीची गोडी आहे. लखनौच्या श्रोत्याला या दोन भाषा वाटत नसत; प्रसंगाप्रमाणे पालटणारे ते एकाच वाणीचे दोन सूर होते. पुढे हिंदी व उर्दू यांचे मार्ग आणि मदरसे वेगळे झाले. हिंदीच्या अभ्यासकाला हे नाटक परके वाटते, उर्दूच्या टीकाकाराला ते हलके वाटते. दोन घरांच्या वाटणीत सामाईक अंगणाचे जे होते तेच या नाटकाचे झाले आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. ज्या गोष्टीच्या अभावी पुनरुज्जीवन अशक्य मानले जाते, ते पारशी मंडळ्यांचे खर्चिक नेपथ्य मूळ नाटकाचे नव्हतेच. एक बैठक, तबला-सारंगीची साथ, एक लाल पडदा आणि चार समर्थ गायिका एवढ्या सामग्रीवर सभा भरू शकते. मूळ चाली गेल्या, पण ज्या गीतप्रकारांत त्या बांधल्या होत्या ते प्रकार गेलेले नाहीत. पूरब अंगाची ठुमरी व होरी आजही गायिली जाते. लखनौतच १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने मॉरिस कॉलेज हे संगीताचे विद्यालय निघाले. मुखोद्गत चिजा मिळवून त्या स्वरलिपीत छापण्याचे कार्य या मराठी पंडितानेच केले होते. त्या परंपरेत तयार झालेल्या गळ्यांनी या पदांना चाली दिल्या तर त्या अमानतच्या काळच्या ठरणार नाहीत, पण त्याच्या घराण्याच्या खास ठरतील. अशा प्रयोगाने चाली नव्या आहेत हे उघड सांगावे. जुनेपणाचा खोटा आव आणू नये.

उलट, डोळे दिपविणारे देखावे उभारून, पदांना काट देऊन आणि उर्दू शब्द वगळून केलेला प्रयोग कितीही गर्दी खेचो, ते पुनरुज्जीवन होणार नाही. नाटकातच त्याचा धडा आहे. सब्ज परीचे पंख गेले, दरबार गेला, वैभव गेले. उरला तो केवळ कंठ. त्या कंठाच्या बळावरच ती इंदराच्या सभेत परत आली आणि जे मागावयाचे ते मागून घेऊन गेली. 'इंदरसभे'लाही परतीची वाट तीच आहे.