धुराची रुचि

ठाणे जिल्ह्यांतील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेले आहेत. तेथील रानांत आपटा आणि टेंभुर्णी हीं झाडें आढळतात. आपट्याची आठवण आपणां शहरवासीयांस दसऱ्यापुरती होते. परंतु या दोन्ही झाडांच्या पानांचा जुना संबंध विडीशीं आहे. पान रानांतलें, तंबाखू बाजारांतली आणि विस्तव चुलींतला, एवढ्यावर गरिबाची विडी सिद्ध होई. पुढें विडीच्या धंद्यांत टेंभुर्णीच्या पानानें आपट्यास मागें सारलें. तें वळावयास सोपें आहे, हें तर झालेंच. पण पानांची प्रत ठरवितांना आकार आणि शिरांची जाडी यांबरोबर चवहि पाहिली जाते. धूर ओढणारा मनुष्य, मग तो खेडवळ कां असेना, चवीच्या बाबतींत मोठा चोखंदळ असतो.

ई-सिगारेटच्या स्वादांवरून आज जगभर जो वाद माजला आहे, तो मला म्हणूनच फारसा नवा वाटत नाहीं. तंबाखूनें नवें रूप घेतलें कीं बहुधा त्याबरोबर एक नवी चव आणि सौम्यपणाचें एक आश्वासन येतें.

पोर्तुगीजांनीं ही वनस्पति आपल्या किनाऱ्यावर आणली. १६०४ च्या सुमारास असदबेग नांवाचा अकबराचा सरदार विजापुराहून परतला, तो रत्नजडित हुक्का घेऊन. बादशहानें दोन-तीन झुरके घेतले. हकिमानें आक्षेप घेतला. असदबेगानें त्याच्याशीं वाद घातला. अकबरानें पुढें तो नाद ठेवला नाहीं, पण दरबारी मंडळींस तो लागला तो लागलाच. १६१७ सालीं जहांगिरानें बंदी केली. तिचा उपयोग किती झाला, हें आपण पाहतोंच आहों!

हुक्क्याच्या तंबाखूंत गूळ कालवीत, सुगंधी द्रव्यें घालीत, आणि धूर पाण्यांतून येतो म्हणून तो निर्दोष झाला असें मानीत. चिलीम ओढणारा तिच्या बुडाशीं ओली छापी गुंडाळी आणि तेवढ्यावर समाधान मानी. धूर थंड होई हें खरें. विष मात्र तसेंच उरे. अमेरिकेंत लॉईड ह्यूज यानें १९२५ सालीं पुदिन्याच्या अर्काच्या सिगारेटचें पेटंट मिळविलें. त्या सिगारेटी पुढें घशाला सुखद म्हणून खपल्या. ही चालती-बोलती छापीच म्हणावयाची! २००९ सालीं त्या देशानें सिगारेटींतील इतर स्वाद बंद केले, तेव्हांहि पुदिना तेवढा वगळला.

ई-सिगारेट आली ती चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाच्या २००३ च्या सुमाराच्या प्रयोगांतून. तींत पान जळत नाहीं. निकोटिन आणि स्वाद मिसळलेलें द्रव विजेच्या तारेनें तापून त्याची वाफ होते. सिगारेट सोडून तिकडे वळणारा प्रौढ मनुष्य आरंभीं पुष्कळदां तंबाखूचीच चव मागतो आणि मागाहून फळांच्या वा मिठाईच्या चवीकडे झुकतो, असें अमेरिकेंतील पाहण्यांत दिसलें आहे. जुनी चव विसरली कीं मागें फिरण्याचा मोह कमी होतो, असें एक पक्ष म्हणतो. तीच गोडी मुलांना जाळ्यांत ओढते, असें दुसऱ्याचें म्हणणें. दोहोंतहि तथ्य आहे. निकोटिनच्या पट्ट्या व गोळ्यांपेक्षां या उपकरणानें धूम्रपान अधिक जणांचें सुटतें, असा निष्कर्ष कॉक्रेनच्या समीक्षेनें काढला आहे. दीर्घकाळच्या परिणामांची खात्री मात्र कोणी देत नाहीं. भारत सरकारनें सप्टेंबर २०१९ मध्यें वटहुकूम काढून ई-सिगारेटची विक्री बंद केली आणि त्याच डिसेंबरांत कायदा केला. विडी मात्र खुशाल विकली जाते, आणि तिच्या धुरांतील निकोटिन व डांबर सिगारेटपेक्षां कमी नसून अधिकच असतें.

तेव्हां मुरबाडच्या बाजारांतील विडी ओढणाऱ्यास हा स्वादांचा वाद परकाच. विडी सोडावयाची म्हणजे हाताशीं असते ती चुना लावून मळलेली तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं ३.८ टक्केच धूम्रपान करणारे आढळले. धुराविना तंबाखू सेवन करणारे मात्र २४.४ टक्के! गोड, सुवासिक गुटख्यावर राज्यानें २०१२ सालीं बंदी घातली आणि पुढच्या वर्षीं सुगंधी तंबाखूवरहि. साधी तंबाखू राहिली. धूर नाहीं म्हणजे अपाय नाहीं, ही समजूत तिला फार पोसते. मुखाच्या कर्करोगाचें मोठें कारण तीच आहे. "विडी सोडली" असें अभिमानानें सांगणाऱ्याच्या कनवटीला पुष्कळदां चंची असते, आणि घरांतील बाईच्या हातीं मिस्री.

औषधांच्या दुकानांत निकोटिनचा च्युइंगम मिळतो. तो पुदिन्याच्या चवीचा येतो, आणि चक्क विड्याच्या पानाच्याहि! थोडा चावावयाचा आणि मग तंबाखूसारखाच गालांत धरून ठेवावयाचा. पिंक मात्र टाकावी लागत नाहीं.